ओढलेली दोरी

माझ्या बहिणीचा नवरा डेल्मर फार ताठ माणूस होता, असं मी म्हणालो की लोकांना वाटतं तो गेला. गेला-बिला काही नाही. गेल्या रविवारीच आमच्याकडे जेवून गेला, सॉसेज दोनदा मागून घेतलं आणि वर मीठ कमी आहे म्हणाला. पण ज्याच्याबद्दल मी सांगतोय तो डेल्मर आता त्याच्यात नाही, आणि याचा मला अजून राग येतो. राग नेमका कुणाचा, ते मात्र ठरत नाही.

उत्तर विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात लोणी काढायचा एक कारखाना होता. डेल्मरचा सगळा जन्म तिथं गेला. अंगाला कायम आंबूस दुधाचा वास. हरणांना तू म्हणजे चुकलेलं वासरू वाटत असशील, म्हणून तर जवळ येतात, असं मी त्याला चिडवायचो. पण गंमत बाजूला ठेवली तर धनुष्यानं शिकार करणारा असा माणूस आमच्या पट्ट्यात दुसरा नव्हता. कुणाचं हरीण बाण घेऊन पळालं आणि सापडेना, की पहिला फोन डेल्मरला. मग हा गुडघ्यांवर बसून पानन् पान उलटत जायचा आणि हरीण शोधून द्यायचा. मोबदला म्हणून काय घ्यायचा, तर ज्याचं हरीण त्याला तासभर शिव्या द्यायचा.

मी बंदुकीवाला. धनुष्यवाले आम्हाला खिजगणतीत धरत नाहीत. डेल्मर म्हणायचा, "नॉर्ब, तुझी ती शिकार नव्हे, टपाल आहे. इथून टाकलं, तिथं पोचलं."

दर ऑगस्टमध्ये फायर स्टेशनच्या हॉलमध्ये तो नवख्यांचा वर्ग घ्यायचा. आजकालच्या धनुष्याला दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी ओढताना मध्येच एक चढ लागतो, सगळा जोर तिथं. तो ओलांडला की भार एकदम उतरतो आणि माणूस दोरी गालाशी धरून बराच वेळ थांबू शकतो. पण बाण न सोडता दोरी परत आणायची म्हटली, की तोच चढ उलट्या बाजूनं येतो आणि दोरी हाताला हिसडा देऊन पळायला बघते. डेल्मर पहिल्या दिवशी सगळ्यांना दोरी ओढायला लावायचा. नेम धरून लोक विचारायचे, "सोडू?" आणि हा म्हणायचा, "आता परत आण."

निम्म्यांची तिथंच तंतरायची.

"सोडायला काय, कुणालाही येतं," डेल्मर म्हणायचा. "पादायलाही येतं. परत आणता येत नसेल त्यानं ओढू नये. हरीण ऐन वेळी तोंड फिरवतं, तेव्हा तुम्ही काय करणार? आणि अगदीच हात गेला तर खाली मातीत सोडा. लाजू नका. मातीला लागत नाही, आणि माती कुणाला सांगतही नाही."

मीही एका वर्षी हौसेनं गेलो होतो. दोरी ओढली, परत आणता आली नाही, आणि घाबरून माती विसरलो. माझ्या बहिणीनं, आर्लिसनं, वर्गासाठी बीन्स शिजवून आणल्या होत्या. बाण त्या भांड्यातून आरपार. हा किस्सा डेल्मरनं गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितला आहे, दोन मयतांतही. सुटलेला बाण परत येत नाही, असं जग म्हणतं. हा म्हणायचा, म्हणूनच दोरी परत यायला हवी.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि घसरून उजव्या हातावर पडला. खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, महिनोन्महिने हात गळ्यात. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे खेपा सुरू झाल्या. डेल्मरला गाडी चालवायची बंदी, त्यामुळे हमाल मी. आर्लिसही यायची, कारण नवरा खोटं सांगतो यावर तिचा पूर्ण विश्वास.

डेल्मरनं त्या बाईला एकच विचारलं, "धनुष्य कधी?"

बाई म्हणाली, "पुढच्या वर्षी. हलकं घ्या, हळूहळू वाढवा. ओढायला माझी हरकत नाही. पण ओढलेलं परत आणताना जो हिसका बसतो ना, तो खायचा नाही. शिवण उसवेल. आणि या वेळी उसवली, तर शिवायला कापड उरलेलं नाही."

"म्हणजे ओढलं की सोडायचंच?"

"हो. नाहीतर ते दुसरं वापरा ना, चापाचं. सगळे वापरतात हल्ली."

आर्लिसनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. चापाचं धनुष्य आधीच ताणून अडकवून ठेवायचं, बंदुकीसारखं खांद्याला लावायचं आणि चाप ओढायचा. डेल्मरचा जुना दोस्त लाइल, याची बोटं संधिवातानं वाकडी झाली तेव्हा त्यानं तसलं एक घेतलं. त्या शुक्रवारी आम्ही सगळे तळलेले मासे खायला बसलो होतो. डेल्मर भर टेबलावर म्हणाला, "बंदूक म्हणजे टपाल, आणि लाइलचं हे म्हणजे रजिस्टर टपाल. हरीण सही करून घेतं." सगळे हसले. लाइल स्वतःची ताटली उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. त्यानंतर दोघं बोलत नव्हते. तेव्हा बाईनं दाखवलेली वाट डेल्मरनं स्वतःच्याच जिभेनं बुजवून ठेवली होती. वापरलं चापाचं, तर सगळं गाव 'टपाल आलं' म्हणणार.

व्यायाम त्यानं इमानेइतबारे केले, हे मान्य करायला हवं. रबरी पट्टे दाराच्या कडीला बांधून घामाघूम व्हायचा. पुढच्या उन्हाळ्यात हलकं केलेलं धनुष्य घेऊन परसात उभा राहिला. पहिला बाण निशाणाच्या मधोमध गेला, तेव्हा आर्लिस स्वयंपाकघरात रडली. गावात बातमी झाली, डेल्मर परत आला. लोक येऊन पाठ थोपटून गेले, डाव्या बाजूची.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. सगळ्या उन्हाळ्यात त्यानं एकदाही दोरी परत आणली नाही. ओढली की सोडली, ओढली की सोडली. गवताच्या निशाणासमोर त्याचं काही बिघडत नाही, गवत तोंड फिरवत नाही. आणि ऑगस्टमध्ये त्यानं वर्ग रद्द केला. हॉलला रंग देताहेत म्हणाला. हॉलला रंग मागच्याच वर्षी दिला होता.

मी तोंडावर विचारलं, "रंग नाही रे. तुला पोरांना करून दाखवता येणार नाही, म्हणून ना?"

"तू बीन्स मार," तो म्हणाला.

"हरीण फिरलं तर काय करशील?"

"फिरणार नाही असंच निवडीन. चाळीस वर्षं काय माशा मारल्या?"

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही.

ऑक्टोबरअखेर तो निघाला. झाडावरच्या मचाणावर चढायचं नाही, जमिनीवर कापडी आडोसा लावायचा, अशी आर्लिसची अट. दुसरी अट म्हणजे मी. "नॉर्ब, तू बरोबर जा," ती म्हणाली. "पडलाबिडला, तर निदान कुठं पडला ते तरी नीट सांगशील." धनुष्यवाला शिकारीला माणूस बरोबर नेत नाही, आणि बंदुकीवाला तर नाहीच नाही. त्यानं नाक मुरडलं, पण नेलं.

दलदलीच्या कडेला टॅमरॅकची झाडं पिवळी पडली होती. मी पालथ्या बादलीवर बसलो.

"तू श्वास घेतोयस की करवत चालवतोयस?" डेल्मर कुजबुजला.

"मग मरू का?"

"सूर्य मावळेपर्यंत तरी."

खुशीत होता. इतक्या महिन्यांत मी त्याला तसा पाहिला नव्हता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ऊन कलल्यावर हरणाचा नर आला. फार मोठा नाही, पण देखणा. त्याचं डोकं झाडामागे गेल्याबरोबर डेल्मरनं दोरी ओढली. चढ असा ओलांडला की ऑपरेशन कुणाचं झालं होतं असं वाटावं. नर झाडामागून बाहेर आला, थांबला, आणि त्यानं तोंड सरळ आमच्याकडे फिरवलं. छाती समोर, मान वर. या बाजूनं बाण मारायचा नाही, हे डेल्मरच्याच वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलं जातं. बाण छातीत न शिरता कडेनं घसरतो आणि पोटात जातो.

नर हलेना. डेल्मर ताणून उभा. आधी त्याचं कोपर थरथरायला लागलं, मग बाणाचं टोक. मी त्याच्या कानाशी वाकलो.

"परत आण."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "येत नाही," म्हणाला.

हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. स्वतःच्या लग्नात नाचतानाही नाही, आणि तिथं ते म्हणायला हवे होते.

मग बाण सुटला. नर कुबड काढल्यासारखा वाकला आणि दलदलीकडे पळाला.

खूप वेळानं आम्ही बाहेर आलो. थोड्या अंतरावर बाणाचा मोडका तुकडा पडला होता. डेल्मरनं तो नाकाशी नेला. मलाही लांबून वास आला, आंबलेल्या गवताचा. "पोटात," तो म्हणाला. पोटात लागलेल्या हरणामागे लगेच जायचं नसतं. माग काढलात तर ते मैलन् मैल पळतं आणि कुठंतरी सडतं. रात्रभर सोडायचं, पडू द्यायचं. हे त्यानंच साऱ्या गावाला शिवीगाळ करून शिकवलं होतं. त्या रात्री दलदलीकडे कोल्हे ओरडत होते आणि हा कोट घालून ओसरीवर बसून होता, असं आर्लिसनं मला सांगितलं.

सकाळी त्यानं स्वतः लाइलला फोन केला. लाइलकडे माग काढणारी आखूड पायांची कुत्री आहे, टूट्सी. लाइल आला, चापाचं धनुष्य पाठीला, कुत्रीची दोरी हातात. टोमणा मारायची याहून चांगली संधी त्याला देवानंही दिली नसती. तो एवढंच म्हणाला, "कुठून पळालं ते दाखव."

नर टॅमरॅकच्या जाळीत सापडला. जिवंत. बसलेला, मान वर धरलेली. आम्हाला बघून त्यानं फक्त कान फिरवले. उठायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

डेल्मरनं बाण काढला, दोरीला लावला, बोटं दोरीवर ठेवली. तसाच उभा राहिला. मग बाण काढून परत भात्यात घातला.

"लाइल," तो म्हणाला, "तुझं ते दे."

लाइलनं पाय देऊन ते ताणलं, बाण बसवला आणि त्याच्या हातात दिलं. डेल्मरला ते कसं धरतात हेही माहीत नव्हतं. लाइलनं त्याचं कोपर सरळ करून दिलं. तो जवळ गेला. एकच आवाज झाला. नराची मान खाली गेली, आणि डेल्मर त्याच्याशेजारी ओल्या जमिनीवर बसून राहिला. मांस बरंचसं नासलं होतं. तरी पोट त्यानंच साफ केलं, कुणाला हात लावू दिला नाही.

घरी येताना धनुष्य आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "हातातून निसटला रे. कुणाच्याही निसटला असता."

"निसटला नाही. मी सोडला."

"दोरी परत येत नव्हती, तर तू काय करणार?"

"मातीत सोडता आला असता," डेल्मर म्हणाला. "टोक खाली केलं की झालं. मला तेव्हाही आठवत होतं."

"मग?"

"तू होतास ना बाजूला."

"अरे, मी काय कुणाला सांगणार होतो?"

"नसतं सांगितलंस. पण तुला दिसलं असतं."



आर्लिस दारातच उभी होती. "खांदा कसा आहे?" तिनं विचारलं.

"खांद्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. पुढच्या तपासणीत त्या बाईनंही तेच सांगितलं, शिवण छान धरली आहे, हवं तर वजन वाढवा. धनुष्य त्या दिवशी माझ्या गाडीतच राहिलं. रविवारी तो जेवायला आला, तेव्हा ते मी माझ्या गॅरेजच्या भिंतीवर त्याच्या डोळ्यांसमोर टांगून ठेवलं होतं. त्यानं धनुष्याला हात लावला नाही. खालची बर्फाची फावडी बाजूला केली, कोट खुंटीला अडकवला आणि विचारलं, "सॉसेज कसलं केलंयस?"