कानाला लावलेला कॅमेरा

"थांब गा, तो बोलून राहिला," असं म्हणून काका डावा हात वर करायचे आणि उजव्या हातातला कॅमेरा कानाला लावून डोळे मिटायचे. मग समोर गिऱ्हाईक असो की खुद्द स्टुडिओचा मालक, सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं. एकदा शटर दाबायचे, ऐकायचे, पुन्हा दाबायचे. "पंचविसावा हिस्सा लिहिला आहे यावर, पण आहे पंधरावा. आळशी झाला," असा निकाल मिळायचा आणि तो चुकायचा नाही.

ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत मी डार्करूम सांभाळायचो आणि त्याच इमारतीच्या जिन्याखाली बसून काका जुने कॅमेरे दुरुस्त करायचे. शटर सेकंदाचा कितवा हिस्सा उघडं राहतं हे मोजायचं यंत्र मुंबईत कोणाकडे असेल तर असेल, आमच्याकडे त्यांचा कान होता. एका गृहस्थाने अडकलेल्या शटरमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि कॅमेरा घेऊन आला. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काहून गा, पायजमे शिवून राहिला का याच्यावर?" तो बिचारा आठ दिवस कॅमेरा न्यायलाही आला नाही.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. मग हेही पाहिलं असेल, की अशा माणसाचं काही बिघडलं तर ते त्याच्या आधी इतरांना कळतं.

मला ते निगेटिव्हवरून कळलं. काकांच्या हातून गेलेल्या कॅमेऱ्यांचे रोल काळे यायला लागले. उन्हातले फोटो ठीक, पण सावलीतले, हळू स्पीडवर काढलेले सगळे जळलेले. शटर उशिरा मिटत होतं, जास्तीचा उजेड आत जात होता आणि काकांना ते ऐकू येत नव्हतं. चहावाला पाठीमागून दोनदा हाक मारून गेला तरी त्यांना पत्ता नसायचा. आम्ही हसायचो. गिऱ्हाइकांना मी सांगायचो, "रोल जुना असेल." मालकालाही तेच सांगायचो. काकांना मात्र काहीच सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? कान गेला म्हणजे त्यांचं सगळंच गेलं. दोन वर्षं मी हे असं निभावलं आणि स्वतःला चांगला माणूस समजत राहिलो.

त्यांचा स्वतःचा एक घडीचा, मिटून ठेवता येणारा कॅमेरा होता, फार जुना. त्याचं शटर कित्येक वर्षं अडकलेलं. सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेलो की काकू हमखास टोमणा मारायच्या, "लोकायचे कॅमेरे दुरुस्त करता, आपला कवा करान?" घरात काकूंचा एकही फोटो नव्हता. काका नुसते हसायचे.

काकूंच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा काकांनी तो कॅमेरा खोलला. पंधरा दिवस दुसरं काम घेतलं नाही. शटर हळू सोडणारी स्प्रिंग तुटली होती, ती त्यांनी जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगमधून कापून बसवली. मग कानाला लावून दाबलं आणि कॅमेरा माझ्या कानाशी धरला. "आयक. पंचविसावा हिस्सा. बरोबर आहे ना गा?"

मी ऐकलं. उघडल्याचा आवाज आला. मिटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

"बरोबर आहे, काका," मी म्हणालो. त्यांचा चेहरा इतका उजळला होता. मला वाटलं, ऑपरेशनआधी घराजवळच्या तलावाकाठी उन्हात काकूंचा फोटो काढतील, स्पीड जास्त ठेवतील, काय बिघडतंय?

काकू पांढरी साडी नेसून तलावावर गेल्या. उन्हाने त्यांचे डोळे मिटायला लागले, म्हणून काकांनी त्यांना कडुलिंबाच्या दाट सावलीत बसवलं, स्पीड हळू केला आणि "हलू नको वं" म्हणत सगळा रोल संपवला. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी काकू गेल्या.

पुण्यानुमोदनाला, काकूंच्या आठवणीतल्या वंदनेच्या कार्यक्रमाला, फोटो हवा म्हणून काकांनी रोल माझ्याकडे दिला. मी तो धुतला. एकूण एक निगेटिव्ह काळी ठिक्कर. एकीचा प्रिंट काढायला मी अर्धा दिवस घालवला. कागदावर झाडाचं हललेलं खोड आलं आणि एक पांढरा डाग. चेहरा नव्हता.

काका आले तेव्हा सवयीचं खोटं तोंडातून निघालं. "रोल जुना होता, काका!" त्यांना ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्याने म्हणालो, की सगळा स्टुडिओ वळून बघायला लागला.

त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून कॅमेरा काढला, मागचं झाकण उघडलं, खिडकीकडे धरून शटर दाबलं आणि आतून पाहिलं. आयुष्यभर कानाने तपासणाऱ्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा डोळा लावला. खिडकीचा उजेड शटरमधून येत राहिला. मग मिटला.

"कवापासून माहीत होतं तुले?"

मी दोन बोटं दाखवली. "दोन वर्षं."

त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. "मले सांगाचं होतं ना गा," ते हळूच म्हणाले. "मी दुसऱ्या कोणाकून तिचा फोटो काढून घेतला असता."

नंतर जिन्याखालची जागा रिकामी झाली. ते लेकीकडे पारशिवनीला गेले आणि तिकडेच वारले, असं ऐकलं. माझी तिकडे जायची हिंमत झाली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. बुद्धमूर्तीशेजारी मेणबत्ती, फुलं आणि फोटोच्या जागी घडी केलेली ती पांढरी साडी. वंदना सुरू झाली. काका शेजारच्याचे ओठ बघून म्हणत होते, त्यामुळे सगळ्यांच्या एक ओळ मागे पडत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटून मान खाली घातली. वंदना संपली, लोक गप्प झाले, तरी त्यांचा एकट्याचा आवाज चालूच राहिला.

त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.