सुईचा कागद

"बसू या का जरा?" बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नको बाई. बसले की उठवत नाही. आता मी एकटी का आहे उठायला?" ती हसली आणि कमरेवर हात ठेवून पुढे चालू लागली.

सातवा महिना सरत आला होता. बाळंतपणाच्या रजेच्या ऑफिसातून निघून त्यांना पाऊण तास झाला होता. एवढ्या वेळात दोन बस समोरून गेल्या. दोन्ही वेळा बाईंनी हात वर केला, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "पुढच्या स्टॉपवर धरू." मग बाईंनी हात करणं सोडलं. हिला घरी लवकर पोचायचंच नव्हतं. घरी धाकटी जाऊ कामाला खाडा करून वाट बघत होती.

कारखान्यात हिला सगळे सुसाट म्हणत. तिथे लहान मुलांचे शर्ट शिवले जायचे, आणि शेजारणीचे दोन होईतो हिचे तीन झालेले असायचे. "अगं, जरा दम घे, आमची नाचक्की होते," असं बाकीच्या म्हणायच्या. आठ वर्षं त्याच मशीनवर, त्याच खिडकीखाली. आज मात्र सुसाट गोदामांच्या लांबलचक भिंतीकडेने पाऊल मोजून टाकत होती.

बरोबरच्या बाई म्हणजे तिच्याच गल्लीतल्या, शाळेतून रिटायर झालेल्या. गल्लीतले सगळे अर्ज त्याच लिहून देत. अर्जात खोटं घाला म्हणणारा कुणी आला, की त्याला चहा पाजायच्या आणि कोऱ्या कागदासकट परत पाठवायच्या.

आजचा अर्जही त्यांच्याच अक्षरात होता. खिडकीतल्या कारकुनानं तो वाचला, मग हजेरीच्या तक्त्यावरून बोट वरून खाली आणलं आणि म्हणाला, "चार दिवस कमी भरतात."

"चार दिवसांनी काय बिघडतंय, साहेब?" बाई म्हणाल्या.

"माझं काही बिघडत नाही. दिवस भरले तर पगारी रजा आणि परत आल्यावर तीच जागा. नाही भरले तर दोन्ही नाही. नियम मी केला नाही, मी नुसता खिडकीत बसतो." मग तिच्या पोटाकडे नजर गेली तसा त्याचा आवाज खाली आला. "हे अकरा दिवस सलग कोरे दिसतात. त्यातले चार दिवस काम केल्याचा कंपनीच्या शिक्क्याचा कसलाही कागद आणा. उद्या बारापर्यंत घेतो. नंतर यादी वर जाते."

"आहे का गं असं काही?"

"नाही," ती म्हणाली. पर्सचा बंद तिनं दोन्ही मुठींत धरला होता.

टायरवाल्याच्या दुकानापाशी तिचे पाय खरंच थांबले. दुकान बंद होतं. पायरीवर जुनं टायर आडवं पडलं होतं, त्यावर ती सावकाश टेकली.

"बाई, मघाशी मी खोटं बोलले."

बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"ते अकरा दिवस मी कामावरच होते. माझ्या हजेरीच्या कार्डावर नव्हते, एवढंच."

कारखान्याची एक रीत होती. कंत्राटावरच्या बायका कायम होऊ नयेत म्हणून दर दहा महिन्यांनी त्यांना अकरा दिवस घरी बसवत. बिनपगारी. बाराव्या दिवशी नवा कागद, नवी सही, जणू बाई आजच पहिल्यांदा दारात आली. गेल्या खेपेला हिचे अकरा दिवस आले, तेव्हा त्याच कारखान्यातल्या धाकटीला सातवा होता. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं आणि तिची हजेरी रजेला कमी पडत होती.

"मीच म्हटलं, आण तुझं कार्ड. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, दिसतात ते डोळे. सुपरवायझरला शर्ट मोजायचे होते, डोळे नाही. तिच्या जागेवर जाऊन बसले. तिची रजा झाली, पगार मिळाला, पोरगी झाली, नोकरी राहिली."

"आणि तुझं गं? तुझा विचार नाही केलास?"

"मला कुठं लागणार होती रजा, बाई?" तिनं बाईंकडे बघितलं. "नऊ वर्षं झाली होती लग्नाला. डॉक्टर झाले, देव झाले. मी म्हटलं, माझे दिवस असेही फुकट जायचे, हिच्या तरी कामाला येऊ देत. आणि दोनच महिन्यांनी देव पावला. त्याला तरी काय वेळ सापडली बघा."

बाईंना हसूही आलं आणि डोळेही भरले.

मग सुसाटनं पर्स उघडली आणि चार घड्या घातलेला एक कागद काढला. कारखान्यात सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून काढायचे. शर्टात एखादा राहिला आणि कुणाच्या बाळाला टोचला तर? तुकडे वहीत चिकटपट्टीनं डकवायचे, तारीख, मशीन नंबर आणि सही करायची, तेव्हा स्टोअरवाले काका नवी सुई देत. धाकटीचं मशीन सुया खायचं. त्या अकरा दिवसांत पाच दिवस सुई मोडली. आणि पाचही वेळा आठ वर्षांच्या सवयीच्या हातानं स्वतःचीच सही ठोकून दिली.

"महिनाभरानं भांडी घासताना डोक्यात उजेड पडला. हातातलं पातेलं पडलं माझ्या. दुसऱ्या दिवशी काकांच्या पाया पडायची बाकी राहिले. ते म्हणाले, वही रद्दीतच जायची होती. तू पान नेलं नाहीस आणि मी बघितलं नाही. मी जाळायलाच आणलं होतं, बाई. काडीपण ओढली. पण म्हटलं, कागद जळेल, सुया कशा जळतील?"

बाईंनी कागद गुडघ्यावर पसरला. वर कंपनीचा शिक्का. खाली पाच चिकटपट्ट्या पिवळ्या पडलेल्या, आत सुयांचे बारीक तुकडे. प्रत्येकीपुढे तारीख, आणि शाळकरी पोरीसारखी मोठी, गोल सही.

"चारच हव्या होत्या त्याला," बाई हळूच म्हणाल्या. "तुझ्याकडे पाच आहेत."

"आहेत ना. आणि प्रत्येकीपुढे मशीन नंबर धाकटीचा. उद्या हा खिडकीत दिला की पहिलं विचारतील, तू आत आलीस कुणाच्या कार्डावर? मला काय करतील कुणास ठाऊक, तिला तर उभ्या उभ्या काढतील. घेतलेला पगार मागतील तो वेगळा. दीर सहा महिने घरी बसलेत. आमच्या ह्यांचं रंगकाम चार दिवस आहे, आठ दिवस नाही. घर दोन मशीनवर चाललंय. कागद दिला तर तिचं बंद, नाही दिला तर पुढच्या महिन्यात माझं. आणि बाळंतपणानंतर गेटवर नवीन म्हणून उभी राहिले, तर दूधपित्या पोराच्या आईला कोण घेतंय?"

"धाकटीला माहीत आहे का, असा कागद आहे ते?"

"नाही. पण सकाळी निघताना पोरीला खांद्यावर घेऊन म्हणाली, ताई, दिवस कमी पडले तर खुशाल माझं नाव सांगा. आणि म्हणाली, काम नाही झालं तर मीच सुपरवायझरच्या घरी जाऊन सगळं सांगून येते. ती जाईल, बाई. येडी आहे ती. आत्ता चप्पल घालून तयार असेल."

बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पण त्याच्याकडे नेमकं काय मागावं, ते त्यांना सुचेना. कुठल्या पोरीसाठी मागावं? त्यांनी कागदाच्या घड्या होत्या तशा घातल्या आणि तिच्या हातात दिला.

"अर्ज पुन्हा लिहायचा झाला तर मी पहाटेसुद्धा लिहीन," त्या म्हणाल्या. "पण कुठला लिहू, ते तूच सांगायचं."

"उद्या बारापर्यंत सांगते," ती म्हणाली आणि हात पुढे केला. बाईंनी तिला उठवलं.

दोघी चालू लागल्या. पुन्हा एक बस गेली. कारखान्याची मागची भिंत आली, आतून मशीनची एकसारखी घरघर येत होती. सुसाटनं तिकडे मान वळवली नाही. फक्त चाल आणखी मंदावली. मग त्यांची गल्ली आली. तिसऱ्या दारात धाकटी उभी दिसली, पोरगी कडेवर आणि पायात चपला. तिनं दुरून हात केला.

सुसाट जागीच थांबली. तिनं पर्स पोटाशी घट्ट धरली आणि बाईंचं मनगट पकडलं.

"बाई, एक मागू? माझं तोंड बघितलं की तिला सगळं कळेल. तुम्ही पुढे व्हा. तिला सांगा, काम झालं, साहेबांनी अर्ज घेतला. मी सांगून तिला पटायचं नाही. तुम्ही आजवर कधी खोटं बोलला नाहीत, तुमचंच तिला खरं वाटेल. उद्या बारापर्यंत तरी तिला घरात बसू दे. एवढं एक बोला, बाई."