विमलवहिनीच्या फोटोला हार

आमच्या विमलवहिनीला रडताना अर्ध्या गुजरातने पाहिलंय. वाढवून सांगत नाही, मला ती सवय नाही. रिक्षावाले, पानवाले, भाजीवाल्या, सगळ्यांच्या मोबाइलात ती पदराने डोळे पुसत बसलेली असायची आणि मागे कोणीतरी पोरगा गळा काढून गात असायचा. मी तिची नणंद, निरुपमा. बडोद्यात दांडिया बाजारात तिच्या समोरच्याच दारात राहते. कानाने जरा कमी ऐकू येतं, बाकी सगळं शाबूत आहे.

या गाण्यांच्या धंद्यात ती शिरली ती भांडणामुळे. खंडेराव मार्केटात केयूर नावाचा पादरा गावचा एक मुलगा शूटिंग करत होता. त्याच्या हिरोने नाचता नाचता मेथीच्या जुड्यांवर पाय दिला. झालं! वहिनीने त्या हिरोचा कान धरला आणि भर बाजारात त्याला असा झाडला की भाजीवाल्या टाळ्या वाजवायला लागल्या. केयूर काही कॅमेरा बंद करेना. दुसऱ्या दिवशी पत्ता शोधत घरी हजर. "बा, मारा गीतमां मम्मी बनशो?" माझ्या गाण्यात आई व्हाल का? मी म्हटलं, चहा पी आणि चालता हो. वहिनी म्हणाली, "बनेन की."

ही गाणी तुम्ही पाहिली नसतील तर काही बिघडत नाही, एक पाहिलंत की सगळी पाहिली. गरीब मुलगा, ट्रॅक्टरवर बसलेला. श्रीमंत मुलगी, ओढणी उडतेय. मग मुलीचं दुसरीकडे जमतं, मुलगा बाटली घेऊन कालव्याच्या काठी बसतो, नाहीतर घर सोडून जातो. आई दारात उभी. शेवटी आई मरते, मुलगा धावत येतो, भिंतीवर हार घातलेला फोटो, मुलगा फोटोपुढे गुडघ्यांवर कोसळतो. पाच मिनिटांत सगळा संसार आटोपतो. मी वहिनीला म्हणायचे, "अगं, या आयांना दुसरा काही उद्योग नाही का? एखादीने तरी त्या पोराला दोन थोबाडीत द्याव्या." ती हसायची नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायची.

डोळ्यांत घालायला औषध असतं त्यांच्याकडे, पाणी यावं म्हणून. तिला ते कधी लागलं नाही. केयूर फक्त सांगायचा, "बा, दीकरो घेर आवे छे." मुलगा घरी येतोय. की हिचे डोळे भरलेच. एकदा तर आईच्या स्वप्नात म्हणून दार उघडून हिरोला जवळ घ्यायचं होतं, तर ही त्याला सोडीच ना. कॅमेरा बंद झाला, लाइट विझले, तरी त्याच्या शर्टाला धरून उभी. तो बिचारा बावीस-तेवीस वर्षांचा पोर, घाबरून माझ्याकडे बघतोय. मी जाऊन तिची बोटं सोडवली.

आता का ते सांगते. वहिनीला एकच मुलगा, कुशल. वापीला केमिकल फॅक्टरीत नोकरीला. माझा भाऊ वसंत, प्रतापनगरला रेल्वेच्या ऑफिसात होता, निवृत्त झाल्यावर एका सकाळी अचानक गेला. कुशलला फोन लावून लावून आमची बोटं दुखली. फोन बंद. शेवटी चुलतभावाच्या मुलाने अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी कुशल आला, दाढी वाढलेली, हातात एक पिशवी. घर माणसांनी भरलेलं. वहिनी उठली, दारात गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "कशाला आलास? मी तुझ्या नावाने आंघोळ करून बसलेय."

जिवंत पोराला म्हणायचं वाक्य आहे का हे? मेलेल्या माणसाच्या नावाने आंघोळ करतात. रागात बोलला तरी माणूस नंतर जीभ चावतो, ती तेवढीही थांबली नाही, आत निघून गेली. कुशल उंबऱ्याबाहेरच उभा होता. मी "अरे, ये आत" म्हणेपर्यंत जिना उतरून गेला. पुढे त्याच्या फॅक्टरीतल्या एकाकडून कळलं, त्या दोन दिवसांत त्याची बायको दवाखान्यात होती आणि पोटातलं मूल गेलं होतं. वहिनीने ते ऐकलं त्या दिवसापासून ती त्याला शोधतेय. नंबर बदललेला, नोकरी बदललेली, वापीचं घर सोडलेलं. कुठे म्हणून नाही कळलं. नऊ वर्षं झाली.

मग कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की आजकाल माणूस कुठेही असो, मोबाइलवर गाणी बघतोच. आणि केयूर आयताच दारात आला. वहिनी अभिनय करायला गेलीच नव्हती हो, ती पोराला दिसायला गेली होती.

दिसली सगळ्यांना. कुशलचं काही कळलं नाही. या थंडीत केयूर नवीन गाणं घेऊन आला आणि जरा घुटमळला. "बा, आमां फोटो ज छे." या गाण्यात फक्त वहिनीचा फोटो हवा होता, हार घातलेला; आजवर तो पुसटसा, दुसऱ्याच कोणा बाईचा असायचा. मी उसळलेच. "जित्याजागत्या बाईच्या फोटोला हार? अक्कल गहाण टाकलीस का रे? चल, ऊठ!" तो खरंच उठला. वहिनी म्हणाली, "बस रे तू."

आत जाऊन तिने ट्रंकेतून फोटो आणला. कमाटीबागेतला, निळ्या साडीतला, जरा तिरपा. कुशलला पहिला मोबाइल मिळाला तेव्हा त्यानेच काढलेला. मी म्हटलं, "वहिनी, हे अभद्र आहे." तर मला काय म्हणते, "वन्सं, एवढी गाणी केली मी. आई जिवंत असेपर्यंत कोणाही पोराचा पाय घराकडे वळत नाही. फोटोला हार पडला की येतो. सगळ्या गाण्यांत येतो." मी डोक्याला हात लावला. या बाईने शाळेत मुलांना गणित शिकवलं, आणि तिला या पाच मिनिटांच्या गाण्यांवर विश्वास!

गाणं आलं आणि काय सांगू, तुफान चाललं. नवरात्रात वाजतं तसं गल्लीगल्लीत वाजायला लागलं. आणि आमच्याकडे माणसं भेटायला यायला लागली. जिवंत बाईचा फोटो हार घालायला कोण देईल, असंच कोणालाही वाटणार ना? आमचे लांबचे प्रतापसिंहराव पांढरा सदरा घालून, चेहरा पाडून जिना चढले, आणि दार उघडलं ते वहिनीनेच. त्यांना घाम फुटला. "मी... मी असाच आलो होतो," म्हणाले, आणि निमूट चहा पिऊन गेले. मी आत तोंडावर पदर धरून हसत होते. वहिनी नाही हसली. बेल वाजली की ती केस नीट करून धावायची, आणि दार उघडून दुसरंच कोणी दिसलं की नुसती बाजूला व्हायची. असे दिवसांमागून दिवस गेले. मग बेल वाजल्यावर तिने धावणं सोडलं. मी उघडायचे.

एका दुपारी आम्ही दोघी तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसलो होतो. माझा फोन वाजला. मला ऐकू येत नाही म्हणून मी तो नेहमी स्पीकरवरच टाकते. चांदोदचे गोविंदगुरुजी. नर्मदेकाठी आमच्या घराण्याचे सगळे विधी तेच करतात.

"निरुपमाबाई," गुरुजी म्हणाले, "फार वाईट वाटलं. विमलताई गेल्या आणि तुम्ही मला साधं कळवलंही नाही? काल कुशलने त्यांचा दहावा केला. घरचं कोणीच नाही पाहून मलाच कसंतरी झालं."

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी काही बोलणार तर तिने माझं मनगट दाबलं. बोलू नका.

गुरुजी सांगत होते. कुशलला कोणीतरी मोबाइलवर तो हार घातलेला फोटो दाखवला. आधीची गाणी त्याला ठाऊकच नसावीत. त्याने काढलेला फोटो त्याने लगेच ओळखला. कळलं त्या दिवसापासून दहा दिवस धरले, मुंडण केलं, एकटा आला. "मी म्हटलं त्याला, आधी घरी जाऊन ये. तर म्हणाला, 'मला कोणी कळवलं नाही गुरुजी, म्हणजे मी अजून नको आहे.' आणि कावळा काही शिवेना हो. पिंड ठेवून उन्हात किती वेळ उभा होता. हात जोडून एकेक बोलत होता. 'आई, दरवर्षी तुझं श्राद्ध करीन. आई, बाबांचंही करीन. आत्याकडे लक्ष ठेवीन. तुझ्यावर राग नाही आता.' तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

मला तिथेच रडू फुटलं. सगळं बोलला पोरगा. घरी येतो, एवढंच नाही बोलला.

वहिनी फोनकडे वाकली. "गुरुजी, रडला का हो तो?"

"रडला ना. लहान मुलासारखा रडला. पण आपण कोण बोलताय?"

"मी विमल."

पलीकडे "नारायण, नारायण" सुरू झालं. माणूस गेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं काहीबाही गुरुजी पुटपुटायला लागले. मी मध्येच तोडलं. "ते वाढू दे गुरुजी, आधी त्याचा नंबर द्या." तो मात्र त्यांच्याकडे होता.

वहिनी मला म्हणाली, "वन्सं, ऐकलंत? रडला म्हणाले." इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. नव्या नवरीसारखी लाजली होती म्हटलं तरी चालेल. "आता तो येईलच. मी नाही लावणार फोन, मला बोलता यायचं नाही. तुम्ही लावा." आणि उठून तिने केस विंचरले. फोनसाठी!

मी लावला. कुशलनेच उचलला.

"अरे, मी आत्या बोलतेय. नीट ऐक, घाबरू नकोस. तुझी आई आहे. ते गाणं खोटं रे, नुसतं गाणं. आई ठणठणीत आहे, माझ्या शेजारी बसलीय."

तो काही बोलेना. मला वाटलं फोन कट झाला. वहिनी म्हणाली, नाही, चालू आहे. मी म्हटलं, "कुशल, चुकलं रे तिचं. तिला कधीच कळून चुकलंय. तुझ्या बाळाचंही कळलं. ये एकदा घरी." मग वहिनीने फोन माझ्या हातातून घेतला.

"कुशल," ती म्हणाली. "बाळा, मी आहे. मी बोलतेय."

श्वास ऐकू येत होता त्याचा. मलासुद्धा आला, म्हणजे बघा. तो ऐकत होता, फोन ठेवत नव्हता. वहिनी पुन्हा "कुशल" म्हणाली. तेवढ्यात पलीकडे मागून एक बारीक आवाज आला, लहान पोरीचा, "पप्पा, कोनो फोन छे?" कोणाचा फोन आहे?

कुशल मऊ आवाजात म्हणाला, "कोईनो नथी, बेटा." कोणाचा नाही. आणि फोन ठेवला.

मी वहिनीकडे बघेना. काय बघणार? नऊ वर्षांत त्याच्या तोंडून तिच्या कानावर पडलेले शब्द ते एवढेच. मी मनात त्याला लाख शिव्या दिल्या, आणि मग तिलाही दिल्या, आणि मग कोणाला द्याव्या तेच कळेना.

वहिनीने फोन अजून दोन्ही हातांत धरला होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ते तिच्या लक्षातही नव्हतं. माझा हात धरून मला हलवत म्हणाली, "वन्सं, मुलगी आहे हो. ऐकलंत ना? मला नात आहे."