स्वतःचेच पेढे सातशे मैल

मोटारीचं दार लावल्यावर आत पाणी येऊ नये म्हणून दाराच्या कडेला जी काळी रबराची पट्टी असते, ती सुधारण्यात माझी सगळी नोकरी गेली. मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात हे सांगितलं की लोक समजूतदारपणे मान हलवतात, कारण तिथे प्रत्येक जण मोटारीच्या कुठल्या ना कुठल्या तुकड्यावर जगत असतो. साताऱ्याला सांगितलं की विचारतात, "आणि बाकीची मोटार कोण बनवतं?"

आमची एकुलती एक मुलगी मेकॅनिकल इंजिनियरिंगला गेली, तेव्हा मला वाटलं, बाकीची मोटार आता ही बनवेल.

२००५ च्या फेब्रुवारीत ती शेवटच्या वर्षाला होती. एका मोठ्या विद्यापीठाचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं. मास्टर्सला प्रवेश मिळाला होता, पंधरा एप्रिलपर्यंत होकार कळवायचा होता. पाकिटावर नाव तिचं होतं, फोडलं मी. लगेच फोन करून पूर्ण पत्र वाचून दाखवलं, खालच्या सहीसकट.

"ओके बाबा, दॅट्स नाइस," ती म्हणाली. "मी विचार करते."

कुठल्या तारखेला सामान हलवायचं याचा विचार करणार असेल, असं मी धरून चाललो.

मार्चच्या सुरुवातीला तिला स्प्रिंग ब्रेकची आठवडाभर सुट्टी होती. शेवटचं वर्ष म्हणून ती आणि तिच्या तीन अमेरिकन मैत्रिणी एकीची जुनी गाडी घेऊन नॉर्थ कॅरोलायनाच्या समुद्रावर जाणार होत्या. जाताना वाटेत आमच्या घरी थांबणार होत्या. चार मुली, सातशे मैल, आणि नकाशे म्हणजे कंप्युटरवरून छापलेले बारा कागद. मला दोन रात्री झोप लागली नाही. मग बायकोला आठवलं की तिची कॉलेजातली मैत्रीण तिकडेच नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला असते. आमच्या मुलीची ती मावशी. मोटेलचा प्रश्न तिथेच मिटला. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, इट्स स्प्रिंग ब्रेक. कुणाच्या घरी राहून स्प्रिंग ब्रेक करत नाहीत."

"जाताना एकच मुक्काम," मी म्हणालो. "आणि जातेच आहेस तर एक छोटी पिशवी ने."

आपल्याकडे कुणी कुठे निघालं आणि त्याच्याबरोबर पिशवी गेली नाही, असं होत नाही. बायकोने थालीपिठाची भाजणी दिली, मेतकूट दिलं, मावशीच्या कुकरची, इकडे मिळत नाही म्हणून भारतातून आणलेली रिंग दिली. त्या पिशवीच्या तळाशी मी एक डबा ठेवला आणि त्याला चहूबाजूंनी चिकटपट्टी लावली. त्यात पेढे होते. दुधाची पावडर, कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी मायक्रोवेव्हमध्ये फिरवून केलेले आमच्याकडचे पेढे. ते करताना बायकोने विचारलं होतं, "पण तिने हो म्हटलंय का?"

"नाही म्हणायला कारण काय?"

"मी कारण नाही विचारलं. हो म्हटलंय का, ते विचारलं."

मी चिकटपट्टी आणायला गॅरेजमध्ये गेलो. पेढे ऑफिसात आणि इथल्या मराठी मंडळात आधीच वाटून झाले होते. आता मागे फिरायचं म्हणजे अवघड होतं. डब्यात मी एक चिठ्ठीही टाकली: 'लेकीच्या मास्टर्सच्या प्रवेशाबद्दल. आता दोन वर्षांत बाकीची मोटार.' या विनोदावर मी फार खूश होतो.

मुली पहाटे निघाल्या आणि दिवेलागणीला मॉरिसव्हिलला पोचल्या. दमलेल्या होत्या, जेवल्या आणि झोपल्या. पिशवी मावशीच्या ओट्यावर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी त्या समुद्रावर गेल्या आणि तिथे त्यांना कळलं की मार्चमधला तो समुद्र लांबून बघायचा असतो. स्वेटरवर जॅकेट घालून त्या वाळूत बसल्या. भाड्याने घेतलेल्या घरातला हीटर बंद होता. संध्याकाळी गाडी वाळूत रुतली. एका कोळ्याने आपल्या ट्रकने ती ओढून काढली आणि विचारलं, "मिशिगनहून थंडी खायला इकडे आलात?" तिसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला, तेव्हा चौघी परत मावशीच्या दारात उभ्या होत्या.

यापुढचं मला नंतर मुलगी, मावशी आणि एक मैत्रीण अशा तिघींकडून कळलं, आणि तिघींचं जुळतं.

इंजिनियर ताई राहायला आलीये ही बातमी मावशीच्या कॉलनीतल्या मराठी घरांत दुपारच्या आत पसरली. आपल्या घरांत पाहुणा हुशार निघाला की त्याला मुलांच्या अभ्यासाला जुंपतात. शाळा सुटल्यावर पहिली एक आई दोन मुलींना घेऊन आली. "फक्त एक शंका आहे," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मावशीच्या जेवणाच्या टेबलाभोवती आठ मुलं होती आणि शंका संपत नव्हत्या. आमच्या मुलीने फ्रिजला लावायचा पांढरा बोर्ड भिंतीला टेकवला आणि उभं राहून अपूर्णांक शिकवायला घेतले. तिच्या मैत्रिणी स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होत्या. एकीने त्याला मधोमध भोक का पाडतात हे इतक्या वेळा विचारलं, की शेवटी मावशीने ते थालीपीठच तिच्या हाती देऊन उदाहरण म्हणून टेबलाकडे पाठवलं: हे थालीपीठ एक, आता याचे पाच समान भाग कर.

चहाच्या वेळी मुलांच्या आया आल्या. घरात गोड काही नव्हतं, म्हणून मावशीने पिशवीतला डबा काढला. सुरीने चिकटपट्टी कापली. चिठ्ठी मोठ्याने वाचली.

सगळ्यांनी आमच्या मुलीचं अभिनंदन केलं. तिने एक पेढा खाल्ला, मार्करला टोपण लावलं आणि आतल्या खोलीत जाऊन मला ऑफिसात फोन लावला.

"बाबा, मी माझेच पेढे सातशे मैल आणले."

"चांगले झालेत ना?"

"मी हो म्हटलेलं नाही."

"म्हणशील गं. अजून महिना आहे."

"बाबा, मला नाही म्हणायचंय. मी दुसरीकडे पण अप्लाय केलं होतं. शिकवायचं एका वर्षाचं मास्टर्स आहे, तिथे मिळालंय. मला मिडल स्कूलमध्ये मॅथ शिकवायचंय. मी घरी आल्यावर सांगणार होते, पण आता इथे सगळ्या काकू मला विचारतायत की मी कुठली कार बनवणार."

मी टेबलावरचा रबराचा नमुना उचलून बाजूला ठेवला. म्हणालो, "गाडी हळू चालवा."

संध्याकाळी बायकोला सांगितलं. "मला काही म्हणायचं नाहीये," ती म्हणाली. तेवढ्या वाक्यात तिचं सगळं म्हणून झालं होतं.

शनिवारी सकाळी मुलगी घरी पोचली. मैत्रिणी पुढे गेल्या, ती रविवारपर्यंत राहिली. मी मुद्दे तयार ठेवले होते. चहा ओतून होईपर्यंत त्यातले चार संपले आणि मी पाचवा, सगळ्यांत भक्कम, बाहेर काढला.

"तुझ्या आजोबांनी छत्तीस वर्षं साताऱ्याला गणित शिकवलं. ते मला काय म्हणाले माहितीये? काहीही हो, पण मास्तर होऊ नकोस."

"का म्हणाले?"

"का म्हणजे? पगार. कष्ट."

"तुम्ही विचारलं होतं?"

मी बायकोकडे बघितलं. ती साखर शोधत होती, जी तिच्या समोर होती.

"मग आत्ता विचारू," मुलगी म्हणाली. कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून तिने फोन स्पीकरवर टाकला. साताऱ्यात संध्याकाळ होती.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचं मराठी अडखळलं की ते थांबायचे, शब्द पुरवायचे नाहीत. मग विचारलं, "कितवीचा वर्ग?"

"सातवी, अण्णा."

मला वाटलं, आता अण्णा माझी बाजू घेणार.

"सातवीला येणाऱ्या निम्म्या मुलांचे अपूर्णांक कच्चे असतात," अण्णा म्हणाले. "पहिला महिना पुस्तक उघडू नकोस. तेच पक्के कर."

"मी थालीपिठावर शिकवले."

"भाकरी बरी. थालीपिठाचे तुकडे सारखे पडत नाहीत."

मी मध्ये पडलो. "अण्णा, तुम्ही मला म्हणाला होतात, मास्तर होऊ नकोस."

"म्हणालो होतो की."

"मग हिला का नाही म्हणत?"

"अरे, तुला येत नव्हतं," अण्णा म्हणाले. "धाकट्या बहिणीचा अभ्यास घ्यायला बसवला तुला, तर पंधरा मिनिटांत तिला रडवलंस. मग स्वतः रडलास. तुला मशीनच बरं, असं मी आणि तुझ्या आईने ठरवलं. मशीन रडत नाही."

बायकोला साखर सापडली. तिला ती हातात धरता येत नव्हती इतकी ती हसत होती. एकवीस वर्षं मी या घरात सांगत आलो होतो की वडिलांनी माझ्या भविष्यासाठी स्वतःच्या पेशाचा त्याग केला.

कार्डाची मिनिटं संपत आल्याची पिपाणी वाजली, तरी त्यांचं फळा कसा पुसावा यावर चाललं होतं. मुलीने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी उठून ड्रॉवरमधलं दुसरं कार्ड आणून दिलं.

दुपारी ती कंप्युटरवर बसली आणि मोठ्या विद्यापीठाला नकार लिहिला. चार ओळी होत्या, नम्र आणि स्वच्छ. म्हणाली, "बाबा, एकदा चेक करता?"

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. चूक एकही नव्हती. तरी एक स्वल्पविराम मी इकडचा तिकडे केला. तिने तो पुन्हा जागेवर आणला आणि पत्र पाठवून दिलं.