सदतीस आणि अडतीस शेजारी नसतात

हे लिहिण्याचा अधिकार माझा नाही. त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

नसरीन गेल्याचा निरोप आला, तेव्हा रडण्याच्या आधी क्षणभर मला हायसे वाटले.

माझे एक खोटे तिला ठाऊक असावे, असा मला संशय होता. आता ते कुणालाच ठाऊक नाही, असे वाटले. आज तिचा चाळीसावा. ते खोटे मला आज मागे घ्यायचे आहे.

आलापल्लीच्या बसस्टँडजवळ पार्सल बुकिंगचे एक छोटे दुकान आहे. नसरीन तिथे काउंटरवर बसे. शाळेत आम्ही दोघी एका बाकावर होतो. माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. तिचा कधी सातवा, कधी अकरावा.

चंद्रपूरच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. तरी पुण्या-मुंबईचे पिनकोड तिला असे कळत, जसे इतरांना आपल्या गल्लीतले दरवाजे कळतात.

आतल्या गावांतल्या आया तिच्याकडे चारोळी आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन येत. मुलगा कामाला गेलेला, आणि पत्ता विचारला की उत्तर एकच: "पुण्यात."

"मावशी, पोट्टा फोनवर बोलते तवा मांगून काय आवाज येते?"

"इमान जाते वं बाई. लय खालून."

"मंग इमानतळाजवळचा पिन, चौदा नाईतं बत्तीस. त्याले इचारा, घरमालकाच्या लाइट बिलावर पिनचे शेवटचे दोन आकडे कोणते हाय."

चौदाच निघाले. बरणी न फुटता पोचली.

मी तिथेच उभी होते. भूगोलात पैकीच्या पैकी गुण मिळवलेली मी.

घरी येऊन बाबांना सांगितले, तर ते हसून म्हणाले, "तुले पाठ रायते, तिले समजते."

ते वाक्य मी बाबांना अजून माफ केलेले नाही. नसरीनला तर त्याहून नाही, आणि तिने ते ऐकलेही नव्हते.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेच्या प्रवेश परीक्षेचे हॉल तिकीट आले. विषय भूगोल. केंद्र कोथरूडला, पिन ४११०३८. बाबांच्या ओळखीच्या एका कुटुंबाने राहायला बोलावले. त्यांचा पिन ४११०३७.

सदतीस आणि अडतीस. मी निश्चिंत झाले. आमच्याकडे एका पिनमध्ये निम्मा तालुका मावतो. एटापल्लीनंतरचा नंबर अहेरीचा, आणि दोन्ही तालुके खरोखर एकमेकांना लागून आहेत. नकाशा उघडून पाहावा, असे मनातही आले नाही.

काउंटरवर मी तो पत्ता मुद्दाम मोठ्याने वाचला. तिने मान वर केली.

"काऊन वं पयल्या नंबर, बिबवेवाडीत राहून कोथरूडले पेपर देशीन?"

"शेजारीच आहे. एकाच आकड्याचा फरक आहे."

"अवं, तिथं तसं नसते. शहरात हे नंबर जमिनीवरून नाई लागले. पोस्टाचे ऑफिस जसे उघडत गेले, तसे लागले. सदतीस एकीकडं, अडतीस दुसरीकडं. मधात सारं शहर. सकाळी दोन घंटे आंधी निघ."

"भूगोल माझा विषय आहे, नसरीन."

"हो ना. पण पुण्याले हे कोण सांगन?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. बिबवेवाडीहून मात्र पेपरच्या फक्त अर्धा तास आधी निघाले.

संस्थेच्या दारात पोहोचले, तेव्हा ते बंद झाले होते. पहारेकरी शांतपणे म्हणाले, "ताई, आता नाही उघडता येणार."

दहा वाजता नसरीनचा मिस्ड कॉल आला. एकच रिंग. मी फुटपाथवर बसले होते. उलट फोन केला नाही.

गावी येऊन सर्वांना सांगितले, पेपर फार कठीण गेला. गुरुजींनी पाठीवर हात ठेवला. आईने माझी दृष्ट काढली. नसरीन एवढेच म्हणाली, "होते वं असं," आणि माझ्यासमोर चहा सरकवला.

त्यानंतर मी त्या दुकानासमोरून जाणे टाळले. वर्षाहून अधिक काळ.

मग पावसाळ्याच्या शेवटी तिला मलेरिया झाला. तो मेंदूत चढला. पाच दिवसांत सगळे संपले.

आज तिच्या घरी गेले. चाचींनी, म्हणजे तिच्या अम्मींनी, मला जवळ बसवले, आणि मी न विचारता त्या बोलल्या.

"तुया पेपरच्या दिवशी दहा वाजता तिनं तुले फोन लावला होता. रिंग गेली तशी घाबरून कट केला. म्हणे, अम्मी, ती पेपरात बसली असती तं फोन बंद रायला असता. ती भाईर हाय. मी म्हटलं, मंग इचार ना तिले. तं म्हणते कशी, नको अम्मी. हुशार पोरगी हाय, तिले लय लागन. कोनाले बोलू नको."

एका रिंगवरून.

बेटा, चाय पी, असे चाची म्हणत होत्या, आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटत होता. अंगणात आतल्या गावांतून आलेल्या कितीतरी बायका बसल्या होत्या. माझ्या गुणपत्रिकेसाठी इतक्या लांबून कोण येईल? पण त्याहून मोठा हेवा वेगळाच. माझी लाज तिने स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळली. मला तिचे एक बरोबर वाक्य सहन झाले नाही.

म्हणून इथे, गावाच्या ग्रुपवर, सर्वांसमोर लिहिते.

मी पुण्याच्या परीक्षेला बसलेच नाही. पेपर कठीण नव्हता, मी तो पाहिलाही नाही. नसरीनने मला वेळेत सांगितले होते. ती माझ्यापेक्षा हुशार होती, म्हणून मी ऐकले नाही.

गुरुजी, आई, बाबा, तुम्हाला हे इथे वाचावे लागते आहे. समोर बसून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

नसरीन, जा आता. तुझ्यावर माझा राग कधीच नव्हता.

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे