दाराचा प्रसंग

अमेरिकेत, एडिसन गावी, आमच्या शेजारी एक इटालियन आजोबा मुलीकडे राहायचे. नव्वदी ओलांडलेले. माझी नोकरी सुटली त्या हिवाळ्यात मी दुपारी आल्याचा चहा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. आम्हा दोघांचंही इंग्रजी उसनंच, त्यामुळे बोलणं सावकाश चालायचं.

महायुद्धानंतरच्या वर्षांत ते रोममध्ये सिनेमाचे प्रॉडक्शन मॅनेजर झाले. घोडे, ट्रक, गर्दीतली माणसं, त्यांची जेवणं, सगळं वेळेत जमवायचं हे काम. सवड काढून पटकथाही लिहायचे, बहुतेक दुसऱ्यांना हव्या तशा. मनापासून लिहिलेली एकच, आईवरची.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात सरपण संपलं, तेव्हा मुलं गारठू नयेत म्हणून आईने घराचं दार काढून जाळलं होतं. पुढे वडील कैदेतून सुटून आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. वाजवायला दारच नव्हतं. त्या पटकथेचा जीव या प्रसंगात होता.

शूटिंग डोंगरातल्या एका गावात चाललं होतं. पाऊस थांबेना आणि नायिकेला दुसऱ्या सिनेमासाठी निघायचं होतं. काहीतरी गाळणं भाग होतं. दिग्दर्शकाने मॅनेजरला विचारलं. दाराच्या प्रसंगाला सगळ्यात जास्त वेळ लागणार होता, म्हणून त्यांनी तोच सांगितला. लेखक भांडला असता, पण लेखकही तेच होते.

सिनेमा लागला तेव्हा आई ठेवणीतले कपडे घालून, शेजारणींना घेऊन आली. बाहेर पडल्यावर तिने हळूच विचारलं, "दाराचं कुठे गेलं रे?"

"वेळ नव्हता, आई."

ती बरं म्हणाली आणि शेजारणींबरोबर चालू लागली. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. मॅनेजरचं काम मात्र म्हातारपणापर्यंत मिळत राहिलं.

वडील बाहेर उभे होते तेव्हा आई काय म्हणाली, असं मी विचारलं. शूटिंगचे सुतार कुठल्या गावचे होते, ट्रक कुठे उभा केला होता, पाव कुठून यायचा, हे त्यांनी भराभर सांगितलं. मग थांबले.

"मी लिहिलं होतं ते. आता आठवत नाही."

वसंतात ते गेले. मी त्यांच्या मुलीला भेटायला गेले तेव्हा कळलं, तिला दाराची गोष्टच माहीत नव्हती. मी तिला ती सांगितली, आणि आजोबांचे वडील उंबऱ्यापाशी येतात तिथे मलाही थांबावं लागलं.