पाराचा मालक

वडवणीत बघण्यासारखं काय हाय, असं गावातली पोरं म्हणायची आणि माझं डोकं फिरायचं. पुण्यात मोबाइलचे गेम बनवायला शिकून मी नुकतीच घरी परतले होते, हात शिवशिवत होते. बसस्थानक, बाजारतळ, पाण्याची टाकी, मारुतीसमोरचा पार अशा जागा घालून मी एक खेळ बनवला. त्या जागी जायचं, खेळ उघडून बसायचं. जो सगळ्यात जास्त बसेल, तो मोबाइलवर त्या जागेचा मालक.

आमच्याकडे नाव नुसतं मोबाइलवर राहत नाही, त्याचा फ्लेक्स लागतो. 'बसस्थानकाच्या मालकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे फोटो. टाकीच्या मालकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि दुसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन त्याच्या दारात.

"नळ कावून सुटला न्हाई?"

"वर बोलतो," तो गंभीरपणे म्हणाला.

मी पोट धरून हसले. मग पारालाही मालक मिळाला.

आई गेल्यापासून आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी पारावर बसायचे. बोलायचे फारसे नाहीत, पण तिथून आले की पोटभर जेवायचे. एका पुढाऱ्याच्या पुतण्यानं पार जिंकला आणि आप्पा घरात बसले. ताटातली भाकरी तशीच राहू लागली.

"आप्पा, खेळ हाय तो नुसता."

"आसंल. पन मालकाला न इचारता कसं बसावं? फ्लेक्स लागलाय."

खेळ बंद करते म्हटलं, तर सगळे मालक अंगणात जमले. राजीनाम्याशिवाय पद जात नसतं, म्हणाले. मला भयंकर चीड आली. शेवटी आप्पांना पारावर बसू द्यावं म्हणून मी पुतण्याची रीतसर परवानगी काढली, खेळ चालू करून माझा मोबाइल आप्पांच्या खिशात सरकवला आणि त्यांना तिथं बसवून आले. पुतण्या चहाला उठायचा, गाडीवर चक्कर मारायला जायचा. आप्पा उठतच नसत. काही दिवसांत पार त्यांचा झाला.

फ्लेक्सवर आप्पांचा आधारकार्डावरचा फोटो आला, मागे डरकाळी फोडणारा वाघ. पारावर रांग लागली. कुणाला सावलीत गाडी लावायची होती, कुणाला भावकीचं भांडण मिटवून हवं होतं. पुतण्याही हात जोडून म्हणाला, "मालक, जरा टेकू का?"

आप्पा गळ्यातल्या हारासकट घरी आले. जेवले नाहीत.

"पोरी, तुज्या खेळात नुस्तं बसणाऱ्याला कुटं जागा हाय का?"

मी म्हटलं, "राजीनामा द्या." त्यांनी तो पारावर उभं राहून, चारचौघांत, तोंडी दिला. कुणी हरकत घेण्याआधी मी पार खेळातून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी वाघाच्या जागी नवा फ्लेक्स होता: 'माजी मालक'. त्याच्या सावलीत आप्पा एकटेच बसले होते. घरी येऊन त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.